कारापूरकर : एका विरळ आडनावाची उलटतपासणी

वकिलाच्या कचेरीची पायरी माणूस चढतो तो बहुधा जमिनीसाठी, नाही तर पैशासाठी. निव्वळ एका आडनावासाठी येणारा पक्षकार विरळाच. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे असे एक गृहस्थ आले. तसे पाहू गेल्यास त्यांचेही काम वडिलोपार्जित घराच्या वाटणीचेच होते. आपल्याकडे जिला इन्व्हेंतारीओ म्हणतात ती कारवाई चालावयाची होती. परंतु कागद टेबलावर मांडले गेले आणि घर बाजूला राहून आडनावच पुढे आले.

कागद चार होते. आजोबांच्या जन्माची पोर्तुगीज अमदानीतील नोंद. तीत आडनाव 'कारापूरकर', रोमन लिपीतील दोन 'सी' घालून लिहिलेले. वडिलांचा शाळेचा दाखला. तेथे दोन्ही 'सी' जाऊन दोन 'के' आलेले, आणि शेवटच्या 'कर'मधील 'ए' जाऊन 'ई' बसलेला. तिसरे एक विक्रीखत. त्यात त्याच घराचा पूर्वज 'नायक, राहणार कारापूर' म्हणून उभा. चौथा मोडी कागद, देवस्थानच्या वर्गणीचा. त्यात आडनावच नाही, नुसते 'अमका बिन तमका, मौजे कारापूर'. हे चौघे एकाच घराण्यातील कशावरून, असा प्रश्न एका कारकुनाने केला आणि तो त्याच्या परीने योग्यच होता. 'ही सर्व नावे एकाच कुळाची' असे शपथपत्र आम्ही करून दिले. कायद्याचे समाधान तेवढ्याने झाले. आमचे झाले नाही. कारापूरकर म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न मागे उरला.

कारापूर हे डिचोली तालुक्यात, साखळीच्या शेजारी, वाळवंटी नदीच्या आश्रयाने वसलेले गाव. ग्रामपंचायतीच्या नावात ते सर्वण गावाशी जोडीने येते. 'तिस्क' म्हणजे तिठा, हे वाचकांस ठाऊक आहेच. कारापूरचा तिस्क डिचोली-साखळीच्या वाटेवरील प्रत्येक प्रवाशाच्या परिचयाचा आहे. येथील विठ्ठलापुरात राणे घराण्याशी निगडित असे विठ्ठलमंदिर असून त्रिपुरारी पौर्णिमेस वाळवंटीच्या पात्रात नौका सोडण्याचा जो उत्सव होतो, त्यासाठी गोमंतकाच्या कानाकोपऱ्यातून माणसे लोटतात. जनगणनेच्या वहीत मात्र कारापूर हे 'गाव' नाही. वस्ती पाच हजारांवर, चौरस किलोमीटरला चारशेहून कमी नाही इतकी दाटी, आणि कामकरी पुरुषांपैकी निदान पाऊण हिस्सा शेतीबाहेरच्या उद्योगात, अशी कसोटी लावून जनगणना खाते काही गावांना 'नगर' ठरवते. त्या यादीत कारापूर आहे. देवळातील घंटेला ह्या बढतीची वार्ता लागली आहे असे दिसत नाही.

आता 'कर' ह्या प्रत्ययाकडे वळू. मराठी माणसास तो इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही विशेष आहे असे त्याला वाटतच नाही. प्राकृतातील 'केर' ह्या संबंधवाचक शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते, व अर्थाने ते पटण्याजोगे आहे : अमुक गावचा तो अमुककर. परंतु ह्या नियतकालिकाच्या दोन्ही भाषांच्या वाचकांस एक बारीक भेद चटकन जाणवेल. कोंकणीत आपण 'कार' म्हणतो : गोंयकार, पेडणेंकार, कारापूरकार. हा 'कार' बोलण्यातला आहे. तो माणूस आज कोठचा आहे ते सांगतो. मराठी 'कर' दप्तरातला. तो माणूस, निदान त्याचा पूर्वज, एके काळी कोठचा होता ते सांगतो. गावात राहणारा प्रत्येक जण कारापूरकार आहे, पण म्हणून तो कारापूरकर नव्हे. एका कान्याची ही तफावत आमच्या पक्षकाराच्या चारही कागदांची किल्ली आहे, असे आम्हांस पुढे कळून आले.

कारण उघड आहे. कारापुरात राहणाऱ्यास कारापूरकर म्हणून हाक मारून उपयोग काय? हाक मारताच सारा गाव वळून पाहील. गावातल्या गावात माणसे ओळखली जातात ती घरावरून, वाड्यावरून, वतनावरून वा बापाच्या नावावरून. जुन्या गावसंस्थेतील मूळ भागीदारांना आपण 'गावकर' म्हणतो हे ह्या दृष्टीने फार बोलके आहे. १५२६ साली आफोंसो मेशिय याने तिसवाडीच्या गावांच्या रूढी ज्या सनदेत नोंदवल्या, तिच्यात ह्या गावकरांचे हक्क येतात. गावकर म्हणजे 'गावचा'; कोणत्या गावचा हे सांगण्याची त्यास गरजच पडत नाही, कारण तो जागचा हललेला नसतो. गावाचे विशेषनाम आडनावात शिरते ते माणूस वेस ओलांडतो तेव्हा. म्हणजे कारापूरकर हे नाव कारापुरात जन्मलेले नाही. कारापूर सोडल्यावर, परक्याच्या तोंडी जन्मलेले आहे.

येथवर फारसे नवे काही नाही. परंतु एक पायरी पुढे गेले पाहिजे. माणूस गाव सोडून किती दूर गेला, यावर त्याला कोणत्या गावाचे नाव चिकटेल हे ठरते. कारापूरचा माणूस साखळीच्या वा डिचोलीच्या बाजारात दुकान घालून बसला तर तेथील लोक त्यास कारापूरकर म्हणतील, कारण त्यांनी कारापूर पाहिलेले आहे. तोच पणजीस गेला तर 'साखळकर' किंवा 'डिचोलकर' होण्याचा संभव अधिक. बेळगाव-कोल्हापूरकडे उतरला तर विचारणाऱ्यास डिचोलीही ठाऊक नसणार. तेथे तो 'गोवेकर' व्हावयाचा. बारदेशातून घाटावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत 'बारदेस्कर' हे आडनाव आजऱ्या-चंदगडाकडे आढळते. बारदेशात म्हापसेकर, पर्रीकर, शिवोलकर असतील. बारदेस्कर शोधावयाचे तर घाट चढावा लागतो. आडनाव हे माणसाचे उत्तर नसते, विचारणाऱ्याच्या भूगोलज्ञानाचे माप असते.

उदाहरणे डोळ्यांसमोरची घेऊ. मनोहर पर्रीकर जन्मले म्हापशात (१९५५), आणि पर्रा म्हापशाच्या कुशीतलेच गाव. लक्ष्मीकांत पार्सेकर पेडणे तालुक्यातील हरमलचे, तर पार्से हे त्याच तालुक्यातील गाव. दयानंद बांदोडकर १९११ साली पेडण्यात जन्मले. आडनावात मात्र फोंडे महालातील बांदोडे. गोव्याच्या तीन मुख्यमंत्र्यांच्या नावांत तीन गावे, आणि त्यांपैकी एकही ज्याचे त्याचे जन्मगाव नव्हे! उलट पक्षी, मांद्र्यात जन्मून मुंबईस कीर्ती मिळवलेले डॉक्टर भाऊ दाजी 'लाड'च राहिले. मुंबईने त्यांना मांद्रेकर केले नाही. ज्यांच्यापाशी आधीच एखादे कुळनाम, वतन वा पदवी होती, त्यांस गावाच्या नावाची गरज भासत नसे. देशप्रभू, सरदेसाई, कुळकर्णी, राणे ही माणसे कोठेही गेली तरी आपले नाव बरोबर नेत. गावाचे नाव घ्यावे लागे ते बहुधा ज्याच्यापाशी सांगण्यासारखे दुसरे काही नसे त्यास, किंवा ज्यास जुने सांगणे नको असे त्यास.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे कारापूरकर विरळ का आणि पेडणेकर उदंड का, ह्याचा उलगडा होतो. पेडणे हे गावही आहे आणि सबंध महालही. पेडणे महालातील कोणत्याही खेड्यातून निघालेला माणूस सावंतवाडीस किंवा मुंबईस 'पेडणेकर' म्हणून खपून जाई. कारापूरला असा महाल नाही. त्याच्या शेजारी साखळी व डिचोली ही दोन मोठी नावे उभी. दूर जाणारे त्या दोन नावांनी गिळले. कारापूरकर उरले ते प्रथम जवळच थांबलेले. हे नाव वाळवंटीकाठच्या कानांसाठी घडलेले आहे. त्याने मुंबई गाठली असेल तर ती दुसऱ्या वा तिसऱ्या पिढीत, दप्तरात पक्के झाल्यानंतर. ह्यास कोणी तर्क म्हणेल. परंतु ज्या तर्काने विरळ नावांचा विरळपणा व मुबलक नावांची मुबलकता दोन्ही उलगडतात, तो निदान प्रथमदर्शनी ग्राह्य धरावा असे आमचे मत आहे.

नाव पक्के केव्हा झाले? डिचोली पोर्तुगीजांच्या कायमच्या ताब्यात आली १७८१ साली. पेडणे १७८८ साली. तत्पूर्वी १७४६ मध्ये त्यांनी हा मुलूख एकदा घेतला होता, परंतु तो सावंतवाडीकर भोसल्यांकडे परत गेला. म्हणजे जुन्या काबिजादीत बाटवाबाटवी होऊन जेव्हा सावंत-नायकांचे सोझा-फेर्नांदिश होत होते, तेव्हा भतग्राम महालाचा हा प्रदेश त्या राज्याबाहेर होता. उलट इकडे देव आश्रयास येत होते. दिवाडीचा सप्तकोटेश्वर ह्याच डिचोली तालुक्यातील नार्व्यास आला व शिवाजीमहाराजांनी १६६८ साली त्याचे देऊळ नव्याने बांधविले. नव्या काबिजादीतील गावकारभार मराठीत, मोडी लिपीत चालला, आणि मोडी कागदास आडनावाचे अगत्य फार थोडे. त्यास बाप पाहिजे आणि मौजे पाहिजे. 'अमका बिन तमका, मौजे कारापूर' ह्या ओळीत माणसाची ओळख पुरी होत असे. तीत आडनावाची जागा रिकामी आहे असे लिहिणाऱ्यास वाटले नसणार. आमच्या पक्षकाराच्या चौथ्या कागदात आडनाव गहाळ नव्हते; ते अजून जन्मास आले नव्हते, इतकेच.

ते जन्मास घातले नोंदवहीने. १९१४ पासून गोमंतकात जन्म, विवाह व मृत्यू यांची नागरी नोंद सर्वांस सक्तीची झाली, आणि तिच्या रकान्यांना नाव व उपनाव दोन्ही लागत. जो कालपर्यंत घरी एका नावाने, देवळात दुसऱ्या नावाने आणि बाजारात तिसऱ्या नावाने ओळखला जाई, त्यास कारकुनासमोर एकच नाव सांगणे भाग पडले. एका भावाने कुळनाम सांगितले, दुसऱ्याने बाजारातील हाक सांगितली, की दोन चुलतघरे दोन आडनावांची व्हावयाची. विक्रीखतातील 'नायक' आणि जन्मनोंदीतील 'कारापूरकर' हे एकाच वंशाचे, हे मग शपथेवर सांगावे लागते ते ह्यामुळे.

लिपीनेही आपला वाटा उचलला. पोर्तुगीज लेखनपद्धतीने १९११ च्या सुधारणेत 'के' हे अक्षर वर्णमालेतून बाद केले होते. १९९० च्या करारान्वये ते परत आले, तोवर गोवा मुक्त होऊन जवळजवळ तीन दशके लोटली होती. 'के'च्या अभावी 'आ', 'ओ', 'उ' या स्वरांपूर्वी 'सी' आणि 'ए', 'इ' यांपूर्वी 'क्यू' व 'यू' अशी वहिवाट. म्हणून कारापूरकरास दोन 'सी' मिळाले आणि केरकराच्या डोक्यावर 'क्यू' बसला. प्रभूंचे 'पोरोबो' झाले, पैंचे 'पोय', नायकांचे 'नाइक' ते निराळेच. मुक्तीनंतर इंग्रजी शाळांनी दोन 'के' दिले; कोणी शेवटी 'ए' लिहिला, कोणी 'ई'. देवनागरीत एकच असलेले नाव रोमन लिपीत असे चौघे भाऊ होऊन बसले, आणि हे चौघे आपसांत सख्खे आहेत हे आज सिद्ध करावे लागते. हा केवळ कौतुकाचा विषय नव्हे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात नोंद झालेला जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत दाखल करून त्याच्या बळावर पोर्तुगीज नागरिकत्व मागणारी कुटुंबे आता गावोगावी आहेत. त्यांच्या वाटेत 'सी' आणि 'के' धोंड होऊन पडतात. एका अक्षरासाठी मुलाचे परदेशगमन लांबलेले आम्ही पाहिले आहे.

गावाचे नाव लावण्याची आणखी एक परी आहे व ती आमच्या मते सर्वांत सन्मानाची आहे. ज्या कलावंत घराण्यांना समाजाने आणि दप्तराने बापाचे नाव देण्यात हात आखडता घेतला, त्यांनी गावाचे नाव घेतले आणि गावालाच मोठे केले. केसरबाई १८९२ साली केरीस जन्मल्या व केरकर झाल्या. मोगूबाई १९०४ साली कुर्डीस जन्मल्या व कुर्डीकर झाल्या. दीनानाथ १९०० साली मंगेशीस जन्मले. त्यांच्या मंगेशकर ह्या नावाचा प्रवास तर पाहण्यासारखा आहे. श्रीमंगेश मूळचा कुशस्थळीचा. सोळाव्या शतकात तो फोंडे महालात प्रियोळास आला, त्याच्या नावावरून ती जागा मंगेशी झाली आणि त्या जागेवरून माणूस मंगेशकर झाला. आधी देव परागंदा, मग नाव. केसरबाईंचे भैरवीतील गाणे १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांवरील तबकडीत घालून आकाशात पाठविले गेले, आणि त्यांतील एक यान २०१२ साली सूर्यवाऱ्याची हद्द ओलांडून गेले. केरीची वेस एवढी दूरवर कोणी ओलांडली नसेल! इकडे कुर्डी गाव साळावलीच्या धरणात बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे चौथरे वर येतात, जुने रहिवासी भेटून येतात आणि पावसाळ्यात ते पुन्हा पाण्याखाली जाते. गाव राहिले नाही, कुर्डीकर राहिल्या. आणि मोगूबाईंच्या कन्या किशोरीताई विवाहाने आमोणकर झाल्या. ते आमोणे आमच्या डिचोली तालुक्यातले. आई एका गावाच्या नावाची, मुलगी दुसऱ्या. गळा मात्र एकाच घराण्याचा.

हे लक्षात ठेवून आता मोजदादीकडे येऊ. 'कारापूरकर किती?' हा प्रश्न आम्हांस पक्षकाराच्या मुलाने केला. त्यास कोठेसा एक जागतिक आकडा मिळाला होता व त्यावरून आपण एका दुर्मिळ जमातीतील आहोत असे वाटून तो सुखावला होता. असल्या आकड्यांस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले तर ते दोन प्रश्नांतच गडबडतील. पहिला प्रश्न : तुम्ही कोणते शब्दलेखन मोजले? दोन 'सी'वाले मोजले तर दोन 'के'वाले सुटले. 'ए'वाले धरले तर 'ई'वाले गेले. दुसरा प्रश्न : मोजले कोणी? भारताची जनगणना प्रत्येक माणसाचे नाव लिहून घेते खरी; परंतु जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ अन्वये त्या नोंदी पाहणीस खुल्या नाहीत, न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत, आणि आडनाववार तक्ते जनगणना प्रसिद्ध करीत नाही. २०११ साली गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ भरली. ह्या संख्येच्या पोटात सर्व कारापूरकर आहेत, पण ते नावानिशी पेटीबंद आहेत.

इतर देशांत तसे नाही. अमेरिकेच्या जनगणना कचेरीने २०१० च्या गणतीवरून शंभर वा अधिक वेळा आलेल्या आडनावांची यादी प्रसिद्ध केली. ती १,६२,२५३ नावांची आहे. तेथील 'विरळ' याचा अर्थच शंभराच्या आतले. इंग्लंडात १८८१ च्या गणतीचे कागद शंभर वर्षांनी खुले झाल्यावर कोणते आडनाव कोणत्या परगण्यात दाटले आहे, याचे नकाशे निघाले. कोरियात २०१५ च्या गणतीत दर पाच माणसांमागे एकाहून अधिक जण 'किम' होते. तेथे आडनाव पुरत नाही म्हणून कुळाचे मूळ ठाणे सांगावे लागते. कोरियातील माणूस आडनावानंतर गाव सांगतो. आमचा माणूस गावच आडनाव करून टाकतो. म्हणून त्यांची आडनावे मूठभर आणि आमची असंख्य. जेथे प्रत्येक खेड्याला 'कर' जोडून नवे आडनाव पाडता येते, तेथे विरळ नाव असणे हीच मुळी सर्वसाधारण गोष्ट होय. १९१ ग्रामपंचायतींच्या गोव्यात अशी किती नावे निघाली असतील याचा वाचकांनीच अदमास करावा.

आपल्याकडे मोजदादीस हाताशी येणारे साधन एकच, मतदारयाद्या. त्या खुल्या असतात आणि आडनावानिशी असतात. पण अठरा वर्षांखालील मुले त्यांत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेले नाहीत. आणि मुख्य म्हणजे स्त्रियांचा हिशेब त्यांत लागतच नाही. लग्न होऊन आलेली कारापूरकर होते, लग्न होऊन गेलेली कारापूरकर राहत नाही. रक्ताची मोजदाद म्हणाल तर अर्धी माणसे चुकीची; नावाची म्हणाल तर ती दर लग्नसराईस बदलणारी. शिवाय कारापुरातून निघालेली दोन निराळ्या जातींची, निराळ्या देवांची कुटुंबे साखळीत शेजारी राहिली, तर दोघांनाही बाजार एकच नाव देणार. ती दोन घरे एका आकड्यात घातली म्हणजे संख्या मिळते, कूळ मिळत नाही. केरकरांची अडचण तर याहून मोठी, कारण गोव्यात केरी तीन : पेडण्यात एक, सत्तरीत एक, फोंड्यात एक. त्या मानाने कारापूरकर सुदैवी. गोव्यात त्यांचे गाव एकच. दुसरे एक कारापूर म्हैसूरकडे कबिनी नदीकाठी आहे, परंतु तिकडील रीत गावाचे आद्याक्षर नावाआधी लावण्याची. तेथून 'कर' यावयाचा नाही.

मग ह्या नावाने सिद्ध होते तरी काय? हा प्रश्न आता दिवाणखान्यातला राहिलेला नाही. बाहेरून येणारी माणसे गोमंतकीय आडनावे धारण करतात, ही तक्रार गोव्यात गेली कित्येक वर्षे ऐकू येते. नाव-आडनाव बदलास रीत लावून देणारा गोव्याचा स्वतंत्र कायदा १९९० सालचा आहे. त्यात पुढे दुरुस्त्याही झाल्या. कायद्याचा हेतू आम्हांस मान्य आहे. खोट्या नावाने जमीन वा दाखला लाटणाऱ्यास शिक्षा झालीच पाहिजे. परंतु त्या भरात 'ज्याचे आडनाव अमुककर, तो अमुक गावचा. ज्याचे नाही, तो उपरा' असे जे नवे प्रमेय सभांतून ऐकू येते, ते कोणत्याही वकिलाने उलटतपासणीशिवाय सोडू नये. कारापूरकर ह्या नावावरून एवढेच सिद्ध होते की, कोणी एक पूर्वज कारापूर सोडून गेला. त्याची जात सिद्ध होत नाही, नाते सिद्ध होत नाही, गावातील हक्क तर नाहीच नाही. जे सोडून गेले नाहीत, ज्यांनी शेत कसले, देवाची पालखी वाहिली, त्यांच्या आडनावात कारापूर औषधालाही सापडणार नाही. नावावरून गाव ठरवू गेल्यास कारापुरात राहिलेलेच उपरे ठरतील!

असो. वाटणीची कारवाई चालू असता पक्षकारांच्या मनाने घेतले की एकदा मूळ गाव पाहावे. त्रिपुरारी पौर्णिमेचे निमित्त होते. आम्हीही बरोबर गेलो. विठ्ठलापुरात नदीकाठी गर्दी जमू लागली होती. देवळाच्या पायरीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारले, "तुमी खंयचे?" आमच्या पक्षकारांनी काहीशा अभिमानाने सांगितले, "आमी कारापूरकार." म्हातारा हसला. "हांगा सगळेच कारापूरकार," तो म्हणाला, "तुमचें घर खंयचें?"

पक्षकारांस उत्तर सुचेना. मग आम्ही आजोबांचे व पणजोबांचे नाव सांगितले. म्हाताऱ्याने डोळे मिटले, बोटांवर काही मोजले, आणि वाड्याचे नाव, घराचे नाव, घरामागच्या फणसाची जागा अशा क्रमाने सांगू लागला. तुमचे पणजे रागावून साखळीच्या बाजारात जाऊन राहिले, लांब काही गेले नाहीत, असेही म्हणाला. आमचे ध्यान एकदम कायद्याकडे गेले. त्या वेळी १८७२ चा पुरावा कायदा चालू होता व त्याच्या कलम ५० प्रमाणे नात्याविषयी विशेष माहिती असणाऱ्या माणसाचे वर्तनातून दिसून येणारे मत ग्राह्य होते. प्रसंग पडल्यास न्यायालयात येऊन एवढे सांगाल काय, असे आम्ही विचारले. येईन म्हणाला, फक्त एक अट घातली. आडनाव विचारू नका, ते आपल्याला ठाऊक नाही.

पुढे भावाभावांत तडजोड झाली व त्यांना यावे लागले नाही. त्या रात्री मात्र त्यांनी आमच्या पक्षकारांना पाण्याजवळ पुढे बसवून घेतले आणि नौका सुटेपर्यंत आपल्या शेजारचे हलू दिले नाही.